आईंचा नारळ, पाव वेगाने

माझं माहेर तळे गावचं, डोंगराकडचं. आमच्याकडे नारळ देवापुढे फोडतात, नाहीतर वाटणासाठी. साठी ओलांडलेल्या बायका पदर खोचून एकमेकींच्या नारळावर नारळ हाणतात आणि जिचा फुटला ती हरली म्हणून ओरडतात, हे मी अलिबागजवळच्या या गावात सून होऊन आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाली की पुरुष जेटीवर खेळतात आणि आमच्या आळीतल्या बायका आमच्या अंगणात. एकीने सोललेला नारळ मुठीत गच्च धरायचा, टोक तेवढं वर ठेवायचं. दुसरीने आपल्या नारळाने त्यावर मारायचं. नाही फुटला तर पाळी बदलायची. फुटलेला नारळ जिंकणारीचा. लग्नानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला मी उत्साहाने हात पुढे केला आणि पुढचे चार दिवस चमच्याने जेवले.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे आई म्हणतो. या खेळात त्यांचा हात धरणारं आळीत कोणी नव्हतं. नारळ निवडायला त्या दोन महिने आधीपासून सुरुवात करतात. दुकानात जायचं, पोत्यातला प्रत्येक नारळ उचलायचा, बोटाच्या पेराने वाजवायचा, कानाशी धरायचा आणि शेवटी पुढच्या दातावर हलकेच आपटून बघायचा. पन्नासेक नारळ असे दातावर घेऊन झाले की त्यातला एक पसंत पडतो. त्या पायरी चढताना दिसल्या की दुकानदार चहा प्यायला आत निघून जातो.

अंतिम सामना मात्र दरवर्षी आई आणि काकू यांच्यातच. काकू म्हणजे आईंची धाकटी जाऊ. शेजारच्याच घरात राहतात, आणि दोन घरांना मिळून एक अंगण आहे. दरवर्षी आई जिंकायच्या, काकू हसत हसत आपली फुटकी कवटी त्यांच्या ओटीत टाकायच्या, मग आई सगळे नारळ खवायच्या आणि काकू आपल्या चुलीवर एकाच मोठ्या टोपात नारळीभात करायच्या. दोन्ही घरं एका पंगतीत जेवायची. मी या घरात आल्यापासून हे असंच पाहत होते आणि माझ्या आधीही म्हणे असंच होतं.

गेल्या वर्षी आई हरल्या.

काकूंनी मारला आणि आईंच्या हातातल्या नारळाची दोन शकलं झाली. आईंनी शकलांकडे बघितलं, काकूंच्या धडधाकट नारळाकडे बघितलं आणि जाहीर केलं, "ह्यो नारल मिठातला हाय."

काकूंचं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. आईंचं म्हणणं असं की खड्या मिठात वर्षभर पुरून ठेवलेल्या नारळाची कवटी दगडासारखी होते. ही माहिती आईंखेरीज जगात कोणालाही नाही. काकूंनी दोन्ही शकलं उचलली आणि त्या घरात गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या हाती जिंकलेल्या नारळाचा अर्धा भाग परत पाठवला. आईंनी तो कोंबड्यांना घातला. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

बोलणं बंद म्हणजे गप्प बसणं नव्हे. दोघी समोरासमोर उभ्या राहून माझ्याशी बोलायच्या. आई म्हणायच्या, "तिला सांग, दोरीवरचा तिचा पातल माज्या अंगाला लागताय." काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, "तिला सांग, आंग जरा पलीकडं ने." मी दोघींच्या मध्ये बादली घेऊन उभी. मी घरी नसले की कोंबड्यांना निरोप द्यायच्या. आमच्या कोंबड्यांना त्या वर्षी दोन्ही घरांची इतकी गुपितं कळली की त्यांनी अंडी घालणं कमी केलं, असं मला आजही वाटतं.

इथवर ठीक होतं. पण आषाढात आईंनी फर्मान काढलं: या नारळी पौर्णिमेच्या आत तिने मिठाचं कबूल करावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी अंगणात भिंत घालायची. नवरा हसला. दोन दिवसांनी दारात टेम्पो येऊन चिरे उतरवून गेला तेव्हा तो हसायचा थांबला. आईंनी स्वतः फोन करून मागवले होते.

मला मात्र ती भिंत नको होती. मी अलिबागला एका कचेरीत कारकून आहे. संध्याकाळी घरी येते तेव्हा पहिला चहा काकूंच्या ओटीवर होतो. माझी मुलगी लहानपणी भूक लागेल त्या घरात जेवली आणि झोप येईल त्या घरात झोपली. भिंत झाली असती तर मी चक्क रडले असते. पण हे बोलायची सोय नव्हती, कारण मी कोणाच्याही बाजूने तोंड उघडलं की मी फितूर ठरायचे.

तोडगा नवऱ्याने काढला, आणि त्याचे तोडगे नेहमी मला निस्तरावे लागतात. तो न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात आहे, शनिवारी घरी येतो आणि आला की दिसेल त्याचं मोबाइलवर शूटिंग करतो. गेल्या वर्षीचा सामनाही त्याने घेतला होता. "मॅचमध्ये थर्ड अंपायर बघतो तसं हळू करून बघू ना," तो म्हणाला. आईंना कल्पना एकदम पसंत पडली. त्या म्हणाल्या, "सूनबाय कचेरीत कम्प्युटरवरच असते. ती करल." मी कचेरीत कम्प्युटरवर 'उपरोक्त विषयान्वये' एवढंच लिहिते, हे ऐकून घ्यायला कोणी थांबलं नाही.

ऑफिसातल्या एका मुलीने मला एका फुकट सॉफ्टवेअरचं नाव लिहून दिलं. "एकदम सोपं आहे, मॅडम, पाचवीतली पोरंही करतात," ती म्हणाली. हे वाक्य ज्या ज्या गोष्टीबद्दल मला सांगितलं गेलं, त्या त्या गोष्टीने माझा अंत पाहिला आहे. रविवारी सकाळी मी ते घरच्या कम्प्युटरवर उतरवून घेतलं. उघडल्याबरोबर त्याने विचारलं, तुमचा व्हिडिओ कशाबद्दल आहे? वाढदिवस, लग्न, प्रवास की पाळीव प्राणी? भांडण हा पर्याय नव्हता. मी लग्न निवडलं, कारण त्यातही दोन घरं असतात.

मग नवऱ्याचा व्हिडिओ घातला. सामना एकूण दोन मिनिटांचा. त्यातलं पहिलं अर्धं मिनिट नवऱ्याच्या चपला आहेत. पुढे चित्र वर येतं, पण उजव्या कोपऱ्यात शेवटपर्यंत त्याचा अंगठा. मी माझ्या मते काहीच केलं नव्हतं, तरी सॉफ्टवेअरने आपण होऊन सनई लावली. आई आणि काकू एकमेकींवर नारळ उगारतायत, मागे सनई वाजतेय आणि दर दहा सेकंदांनी पडद्यावर गुलाबी बदामांचा पाऊस पडतोय. आईंनी मागे खुर्ची ओढून बसल्या बसल्या विचारलं, "ह्ये लाल काय परताय?" मी सांगितलं, सॉफ्टवेअरचं आहे. त्या म्हणाल्या, "त्याला काराय सांग." सनई आणि बदाम काढण्यात सकाळ गेली.

त्यानंतर बदक निघालं. सॉफ्टवेअर फुकट असल्यामुळे ते चित्राच्या डाव्या कोपऱ्यात आपला शिक्का मारतं, आणि त्यांचा शिक्का म्हणजे टोपी घातलेलं पिवळं बदक. ते नेमकं काकूंच्या नारळावर बसलं होतं. काकू हात उचलायच्या की त्या बदकाने मारतायत असं दिसायचं. आईंना दाट संशय आला की बदक काकूंनीच बसवलं आहे. मी अर्धा तास खटपट केली तेव्हा मला कळलं की चित्र उलटं, म्हणजे आरशात दिसतं तसं करता येतं. केलं. आता नवऱ्याचा अंगठा डावीकडे आला आणि बदक जाऊन त्याच्यावर बसलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. तेवढ्यात आई उठून उभ्या राहिल्या.

"बघ! डाव्या हातानी मारताय! हीच लबाडी!"

मी त्यांना समजावलं की चित्र उलटं केलंय म्हणून डावा वाटतो, तुमचाही डावाच दिसतोय बघा. आईंनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरले, पडद्याकडे बघितलं, पुन्हा हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मंग मी पण मशीनमदी डावखुरी झाले काय?" त्यानंतर त्या दिवशी त्यांनी चहाचा कप दोनदा डाव्या हातात घेतला.

दुपारी मिठाचा शोध सुरू झाला. आईंचा हुकूम होता की काकूंचा नारळ मोठा करून बघ, मीठ दिसेल. मी मोठा केला. "आजून." आणखी मोठा केला. शेवटी पडद्यावर नारळ उरलाच नाही, नुसते तपकिरी, करडे, पांढरे चौकोन दिसायला लागले. आईंनी खुर्ची पुढे ओढली आणि एका पांढऱ्या चौकोनावर बोट टेकवलं.

"ह्यो काय? खडा! बघ, चौकोनी हाय. खरा मीठ हाय ह्यो!"

आता खडे मीठ चौकोनी असतं हे मी कसं नाकारू? मी म्हटलं, आई, काहीही एवढं मोठं केलं की चौकोनच दिसतात. त्या म्हणाल्या, माझा नारळ मोठा कर. केला. तिथेही पांढरे चौकोन. आई जराशा थबकल्या. "मोजून बघ," त्या म्हणाल्या, "तिच्यात जास्त असतील." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कम्प्युटर बंद केला आणि सांगितलं की मशीन तापलंय. मशीन नव्हतं तापलं, मी तापले होते.

पुढच्या रविवारी दुपारी आई जेवून पडल्या होत्या, नवरा बाजारात गेला होता. पौर्णिमा पाच दिवसांवर आली होती. मी एकटीच बसले. वेग कमी करायचं बटण मला आदल्या दिवशी सापडलं होतं: अर्धा, पाव आणि त्याहून कमी. मी पाव केला आणि नारळ फुटतो त्या जागेच्या जरा आधीपासून लावलं. आवाज बंद करायचा राहिला. "हाण!" असं नवरा ओरडला होता, ते पाव वेगाने मांडव्याला रोरो बोट लागताना भोंगा देते तसं निघालं आणि ओट्यावरचं मांजर घर सोडून गेलं. मी घाईघाईने आवाज बंद करून पुन्हा लावलं.

आईंनी नारळ धरलाय. काकूंनी हात कानापर्यंत उचललाय. आणि आईंचा नारळ हलतोय.

मला वाटलं नवऱ्याचा हात हलला असेल. पण तो हलतो तेव्हा सगळं चित्र हलतं, मागचं तुळशीवृंदावनसुद्धा. इथे वृंदावन जागच्या जागी होतं. आईंचा खांदा स्थिर, कोपर स्थिर. मनगटापासून पुढे तेवढी मूठ थरथरत होती. थोडी नव्हे, चांगली. खऱ्या वेगात ते कोणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं, कारण अंगणात तेव्हा सगळंच हलत असतं, ओरडणारी माणसं, पदर, कोंबड्या.

मग काकूंची नजर खाली गेली. त्यांनी आईंच्या मुठीकडे बघितलं. कानापर्यंत गेलेला त्यांचा हात हळूहळू छातीपर्यंत उतरला आणि तिथून त्यांनी नारळ नुसता टेकवला. शेजाऱ्याच्या दारावर टकटक करावी तेवढाच. पण त्याच वेळी आईंच्या थरथरत्या मुठीत नारळ फिरला होता. टोक बाजूला गेलं आणि डोळ्यांची नाजूक बाजू वर आली. एवढ्याशा धक्क्याने तो उकलला. शेवटच्या चित्रात आई आपल्या नारळाकडे बघतायत. काकू नारळाकडे बघतच नाहीत, त्या आईंच्या हाताकडे बघतायत.

मी ते सात-आठ वेळा लावलं. मग मला रडू आलं आणि त्याबरोबर भीतीही वाटली. हे दाखवलं तर मिठाचा विषय मिटत होता, पण आईंना त्यांचा हात दिसला असता. त्यांना स्वतःला ठाऊक असेल का, हेसुद्धा मला सांगता येईना. सॉफ्टवेअरमध्ये वरच्या बाजूला एक कात्रीचं चित्र आहे. मी कात्री उचलली आणि काकूंचा हात वर जातो तिथपासून नारळ फुटतो तिथपर्यंतचं सगळं कापून टाकलं. दोन टोकं जोडली. कचेरीत 'कागदपत्रे गहाळ' असा शेरा मारतात तसंच काहीतरी.

चार वाजता आई उठल्या. नवराही आला. मी सांगितलं, बघा, काहीच स्पष्ट दिसत नाही, दोघींचं बरोबर आहे, सामना बरोबरीत. आणि लावलं. काकूंनी हात उचलला, आणि लगेच आईंचा नारळ दोन तुकडे.

नवरा म्हणाला, "अरे वा, फास्ट झालं एकदम." आईंनी मला पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "मधला खय गेला?"

"मधलं काही नाहीच आई."

"तिचा हात वरच हाय आन माजा नारल फुटला? मी शिरियली बघते सूनबाय. तू कापलास. परत लाव."

मी खोटं बोलू शकले असते, पण त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या. परत आणायला एकच बटण लागतं, ते मी दाबलं. पाव वेगाने लावलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आईंनी ते तीनदा पाहिलं. पहिल्यांदा नवरा काहीतरी विनोद करायला गेला आणि वाक्य अर्धंच सोडून पडद्याकडे झुकला. तिसऱ्यांदा झाल्यावर आईंनी उजवा हात पदराखाली घेतला. मला वाटलं, आता या रडतील. मी उठून जवळ जायला लागले.

"तिनी मना सोरला?" आई म्हणाल्या. "माज्यावर दया केली? माज्यावर?"

आणि चपला न घालता त्या ताडताड दारातून बाहेर. मी आणि नवरा मागे. चिऱ्यांच्या ढिगाला वळसा घालून, कोंबड्या उडवत, वर्षभरात न ओलांडलेला काकूंचा उंबरठा त्यांनी एका पावलात ओलांडला. काकू ओटीवर सुकटीची डोकी काढत बसल्या होत्या.

"काय गो! हलू मारलास काय तू मना? हलू?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं, सवयीने. "तिला सांग..." एवढं म्हणून त्या थांबल्या. मग त्यांनी सुकटीचं सूप बाजूला सारलं आणि तोंड आईंकडे वळवलं.

"व्हय, हलू मारला. तुजा हात थरथरत व्हता वैनी. जोरात मारला असता तर बोटा मोरली असती तुजी."

"मोरू दे! माजी बोटा हायत! तू कोन सोरनारी? आन मी मीठ मीठ करत व्हते तवा त्वांड का न्हाय उघारलास?"

"सगल्या आलीसमोर सांगू काय, की हिचा हात थरथरताय? मीठ तर मीठ. म्हटला, करू दे मीठ मीठ."

मग आईंनी काकूंना अशी काही ऐकवली की मला इथे लिहिता येणार नाही, आणि काकूंनीही तशीच परत केली. वर्षभराचं साचलेलं होतं, धुणं, दोरी, कोंबड्या, सगळं निघालं. अर्धी आळी कुंपणाशी जमली. नवरा म्हणाला, आता पडतील एकमेकींवर, मध्ये जाऊया का? मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. दोघी एकमेकींकडे बघून भांडत होत्या. मध्ये माझी गरज नव्हती.

दम लागला तशा आई ओटीच्या कडेला बसल्या. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. आई तो उजव्या हाताने घ्यायला गेल्या आणि मधेच त्यांनी हात बदलला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मी कितीतरी महिने रोज बघतेय. भाकरी डाव्या हाताने मोडणं, चहाचा कप डाव्या हातात, देवापुढची वात मला लावायला सांगणं. मी ती म्हातारपणाची आणि गेल्या आठवड्यापासून आरशातल्या चित्राची लहर समजत होते. एका घरात राहून मला जे दिसलं नाही, ते काकूंनी नारळ उगारलेला असताना पाहिलं होतं.

"दाखव," काकू म्हणाल्या.

"काय दाखव?"

"हात. कधीपासना व्हताय?"

आई आमच्याकडे वळून ओरडल्या, "तुमी काय बघताय? जावा घरी!" नवरा गेला. मी कुंपणापर्यंत गेले आणि थांबले. आईंनी पदराखालून हात काढून काकूंच्या मांडीवर ठेवला. काकूंनी सुकटीची बोटं लुगड्याला पुसली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"दोन वर्सा झाली," आई म्हणाल्या. "कोनाला सांगू नको."